लॉकरातला तन्मणी पिवळा का पडतो: तुम्ही विचारलंत म्हणून

गोव्यात मी मोत्यांचे सर गाठवते. गणपतीची चवथ आठवड्यावर आली की ठरलेला प्रश्न येतो. "वर्षभर हात लावला नाही, लॉकरात होता, मग तन्मणी पिवळा कसा पडला?" हात लावला नाही म्हणूनच पडला, असं मी म्हटलं की चेहरे उतरतात.

मोती हा खडा नव्हे. कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ पापुद्रे, त्यांना धरून ठेवणारं प्रथिन आणि दोन-चार टक्के पाणी, एवढाच त्याचा संसार. गेल्या चवथीचा घाम, अत्तर, केसांचं तेल तसंच अंगावर ठेवून त्याच रात्री तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो. पुढे आपला जुलै, हवेत ८५-९० टक्के दमटपणा. आत गेलेली ओल बाहेर पडत नाही.

असा सर कात्रीने तोडला की काय दिसतं ते एकदा बघाच. रेशीम करडं, बोटाला चिकट, कुबट वासाचं. मोती वरून बरा वाटतो. भिंगाखाली धरला की भोकाच्या काठाला तपकिरी कडं दिसतं. मध्ये सोन्याचं पाणी दिलेले पितळी मणी असतील तर तिथे कळंक धरलेला असतो, आणि त्याचा हिरवा डाग भोकातून आत उतरतो. तो वरून पुसून जात नाही. मग तुम्ही म्हणता, "पॉलिश करून द्या ना." पॉलिश म्हणजे थर खरवडणं. अकोया, म्हणजे समुद्रात पिकवलेल्या मोत्याचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, खाली शिंपल्यापासून केलेला मणी. खरवडणार तरी किती? गोड्या पाण्यातला मोती बहुतेक थराचाच, म्हणून जरा सोशिक. आणि वयाने आलेला पिवळेपणा कुठलाच शेट, म्हणजे सोनार, घालवू शकत नाही. घालवतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

गाठवायचं काम वाढावं म्हणून मी हे सांगत नाही. उलट, जपलेला सर माझ्याकडे कमी वेळा येतो.

"आजी तांदळात ठेवायची, तिचे कसे टिकले?" तिचे बहुधा अस्सल बसरा मोती, आतपर्यंत थराचेच. शिवाय ती ते प्रत्येक सणाला घालायची, पुसायची. तांदळाची पूड भोकात बसते आणि पावसाळ्यात पोरकिडेही होतात. डांबरगोळ्या तर नकोतच. टूथपेस्ट, सोडा, लिंबू, रिठ्याचं पाणी, सोनाराकडचं अल्ट्रासॉनिक यंत्र यांतलं काहीही नको. व्हिनेगर, कोकम हाताळताना मोत्याची अंगठी काढून ठेवा; आम्लात मोती विरघळतो.

पुसायची रीत साधी. वाटीभर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, त्यात बुडवून घट्ट पिळलेलं मलमल. एकेक मोती पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा. सर पाण्यात बुडवू नका आणि टांगूनही वाळवू नका, ओलं रेशीम ताणतं. सुती कापडावर आडवा ठेवून पंख्याखाली चोवीस तास, ऊन नको. दोन मोत्यांमध्ये दोरा दिसायला लागला की गाठवायला द्या.

ठेवायला खळ काढलेलं धुवट मलमल, प्रत्येक दागिना वेगळा, सोन्यापासून लांब. सोन्याच्या कडा मोत्याला चरे पाडतात. लाल मखमली डबी दिसते छान, पण दमट हवेत तिचा रंग लागतो. नव्या प्लायवूडचा खणही नको. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने संग्रहालयांतल्या शंखशिंपल्यांवर पांढरी पूड धरते. १८९९ मध्ये बाइन नावाच्या अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला बाइनचा रोगच म्हणतात. मोती त्याच जातकुळीचा.

"वापरत राहा" हा माझा नेहमीचा सल्ला. पण मे महिन्यात, फोंड्याच्या एखाद्या हॉलमध्ये, पैठणीवर? तासाभरात मान घामाने चिंब. म्हणजे वापरला तरी पंचाईत, नाही वापरला तरी. मग मी म्हणते, घाला, पण अत्तर आधी, मोती सगळ्यात शेवटी; घरी आल्यावर साडीच्या आधी मोती काढा आणि पुसा. निम्म्या बायका हे करणार नाहीत, मलाही ठाऊक आहे.

सिलिका जेलचं अजून माझ्याच मनात भांडण आहे. फार कोरड्या हवेत मोत्यातलं पाणी उडतं, बारीक तडे जातात, म्हणून मी पूर्वी सरसकट नको म्हणायचे. पण गोव्याच्या पावसात बंद डबा इतका कोरडा पडेल असं वाटत नाही. सध्या सांगते ते असं: जून ते सप्टेंबर एकच छोटी पुडी, मोत्यांना न टेकता, ऑक्टोबरात काढून टाका. आणि लॉकर असला तरी पावसाळ्यात एकदा जाऊन डबा उघडा.