सर्व्हर स्लो आहे म्हणजे नक्की काय?

दिवाळी अंकाचं काम अंगावर आलं की आमच्या ऑफिसात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. लेखक मजकूर देत नाहीत आणि सर्व्हर स्लो आहे. पहिलीवर माझ्याकडे इलाज नाही.

सर्व्हर म्हणजे कपाटाशेजारचा जुना पीसी, त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि सांबा, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोज-मॅकला नेटवर्कवरून वापरू देणारं सॉफ्टवेअर. टायपिंग विंडोजवर होतं, कारण मराठी टायपिंगचं श्रीलिपी तिथे आहे आणि आमचे टायपिंगवाले काका दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. पानं लागतात मॅकवर, इनडिझाइनमध्ये. एकाच शेअरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक फोल्डरवर, तीन तऱ्हेची यंत्रं, म्हणजे खापर फोडायला प्रत्येकाला दुसरं यंत्र हाताशी.

यंदा काका म्हणाले, "अरे, जाहिरातीची एक पीडीएफ कॉपी व्हायला किती वेळ?" पानं लावणारी मुलगी म्हणाली, "दादा, फोटोचा फोल्डर उघडतच नाही, नुसतं चक्र फिरतंय." दोघांचा शब्द एकच, स्लो. पण एकाची मोठी फाइल अडत होती, दुसरीची फाइलींची नुसती यादी येत नव्हती. हा फरक न करता सेटिंग बदलत बसलं की अख्खा दिवस जातो.

काकांच्या बाबतीत सांबाला हातही लावला नाही. आधी आयपर्फ3 चालवलं. ते डिस्क, शेअर, परवानग्या सगळं बाजूला ठेवून फक्त नेटवर्कचा वेग मोजतं. आकडा आला सेकंदाला 94 मेगाबिट. गिगाबिट, म्हणजे 1000 मेगाबिटच्या, नेटवर्कवर साधारण 940 यायला हवेत. 94 दिसले की कळतं, लिंक 100 वर अडकली आहे. 100 मेगाबिटला केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतात, 1, 2, 3 आणि 6 नंबरच्या पिनांवरच्या. गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक जरी नीट टेकली नाही, तरी दोन्हीकडची कार्डं मुकाट्याने खाली उतरतात. इंटरनेट चालतं, प्रिंट निघते, म्हणून कुणाला संशय येत नाही. केबल कपाटाच्या पायाखाली चेपली होती. तेवढा तुकडा कापून टोकाला नवा आरजे-45 प्लग क्रिंप केला. 1 जीबीच्या फाइलला दीड मिनिट लागायचं, आता दहा-बारा सेकंदांत होतं. त्यापुढे सर्व्हरची जुनी हार्ड डिस्कच आडवी येते.

मॅकचं दुखणं जास्त मजेशीर होतं. आयपर्फला आकडा चोख, मोठी फाइलही झरझर उतरते, पण हजारो फोटोंचा फोल्डर उघडला की सगळं ठप्प. अशा वेळी वेळ जातो तो विचारणा-उत्तरांत. फाइंडरला, म्हणजे मॅकच्या फाइली दाखवणाऱ्या खिडकीला, नुसती नावं पुरत नाहीत. प्रत्येक फाइलची जास्तीची माहिती हवी असते, आणि ती ठेवायची सोय सर्व्हरवर नसेल तर टिंब-अंडरस्कोअरने सुरू होणारी जोडफाइल आहे का, हे तो विचारतो. बहुतेकदा ती नसते. आणि नसलेली फाइल शोधणं सांबाला महागात पडतं. लिनक्सला फोटो.जेपीजीचं स्पेलिंग कॅपिटलमध्ये आणि स्मॉलमध्ये म्हणजे दोन वेगळ्या फाइली. विंडोजला आणि मॅकला ती एकच. त्यामुळे "नाही" म्हणण्याआधी सांबाला अख्खा फोल्डर चाळून बघावा लागतो, दुसऱ्या कुठल्या स्पेलिंगने ती पडलेली नाही ना!

त्यावर सांबाकडेच औषध आहे, फ्रूट नावाचं मोड्यूल. एसएमबी.कॉन्फ या सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये व्हीएफएस ऑब्जेक्ट्सच्या ओळीत कॅटिया, फ्रूट, स्ट्रीम्स_एक्सॅटर, याच क्रमाने. मग मॅकला हवी असलेली माहिती यादीबरोबरच जाते. एका शेअरला लावून दुसरा तसाच ठेवू नका. मॅक पहिल्या जोडणीलाच ठरवतो की समोरच्याला ही भाषा येते की नाही, आणि ती बिनफ्रूटच्या शेअरची निघाली तर सगळंच बंद राहू शकतं. म्हणून सगळ्या शेअरना लागू होणाऱ्या ग्लोबल भागातच टाका, आधी बॅकअप घेऊन. शिवाय फोटोंचे लेखवार फोल्डर करून टाकले. त्याचा गुण सेटिंगपेक्षा कमी नाही आला.

एवढ्यात व्हॉट्सॲपवर सल्ला आलाच: साइनिंग, म्हणजे पॅकेटवरची सही, बंद कर. हा तोडगा 2016 चा आहे. तेव्हा मॅकच्या 10.11.5 मध्ये प्रत्येक पॅकेटवर सही सक्तीची झाली आणि कॉपीचा वेग पडला. 10.13.4 पासून मॅकवर ती आपोआप बंदच असते. उलट विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून तिकडे सक्ती आली. सही कशासाठी, तर मधल्या मधे कुणी पॅकेट बदलू नये म्हणून. ती चालू आहे का, हे मॅकच्या टर्मिनलमध्ये एसएमबीयूटिल स्टॅटशेअर्स सांगतं. ते न बघता बंद करा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. एसएमबी1, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, चालू करा म्हणणाऱ्यांचा त्याहून जास्त, कारण 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच दारातून पसरला होता.

फाइंडरमधून सर्व्हरवर काही शोधायचं म्हटलं तर मात्र अजून ताटकळावं लागतं. सांबा 4.12 पासून स्पॉटलाइटला, म्हणजे मॅकच्या शोधाला, इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र जोडता येतं, पण त्याला रॅम भरपूर लागते आणि आमच्या पीसीत ती 4 जीबीच. दिवाळीनंतर मालकांना नवी रॅम मागणार आहे. तोवर फाइलींना नीट नावं द्या, असं मी दोघांना सांगून ठेवलंय.