रडारला न दिसणारी डबल ट्रॉली: संभाजीनगर ते लातूर, सायकलवरून

शहागडला गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा मागे पडतो आणि पुढे गेवराई येतं. संभाजीनगर ते बीड हा धुळे–सोलापूर महामार्गाचा तुकडा, राष्ट्रीय महामार्ग ५२. चौपदरी रस्ता, मधे दुभाजक, डाव्या अंगाला पांढऱ्या पट्टीबाहेर सायकलपुरती जागा. तक्रार एकच, उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकलींची. दुभाजकातली फट लांब असली की माणसं वळसा वाचवायला सरळ आपल्या बाजूने समोर येतात. सायकलला मागे तोंड करून बसवलेल्या, मागून येणाऱ्या गाडीचा इशारा देणाऱ्या रडारला त्या दिसणारच नाहीत. तिथे डोळे सतत समोर लागतात, आणि मागची राखण करायला दुसरं कुणीतरी हवं हे तिथेच सगळ्यात जास्त पटतं.

हे रडार म्हणजे सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांडीवर, मागे तोंड करून बसवायचा छोटा डबा. बहुतेकांत लाल दिवाही असतो. स्वीडनमधल्या आयक्यूबू या छोट्या कंपनीने तो आधी बनवला. २०१५ मध्ये गार्मिनने ती कंपनी विकत घेतली आणि व्हेरिया या नावाने तो बाजारात आणला. आता ब्रायटन, मॅजीन, वाहू यांचीही रडारं आहेत. मी व्हेरिया आरटीएल५१५ वापरतो, म्हणून आकडे त्याचे देतो. १४० मीटरवरची गाडी ते पकडतं आणि हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरला कळवतं. पडद्याच्या कडेने एक ठिपका वर सरकायला लागतो: पिवळा म्हणजे गाडी येतेय, लाल म्हणजे जोरात येतेय, हिरवा म्हणजे मागे काही नाही. कॉम्प्युटर नसेल तर फोनवरच्या अ‍ॅपवरही चालतं.

हिरव्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. रडार २४ गिगाहर्ट्झच्या लहरी मागे सोडतं. येणाऱ्या गाडीवर आपटून त्या परततात तेव्हा त्यांची वारंवारता किंचित वाढलेली असते. सायकल आणि गाडी यांच्या वेगात ताशी १ किलोमीटरचा फरक असेल तर ही वाढ सुमारे ४४ हर्ट्झ. झाडं, घरं, मैलाचे दगड आपल्यापासून लांब जात असतात, त्यांना ते सोडून देतं. म्हणजे ते मोजतं तो वेगातला फरक. हा फरक ताशी १० किलोमीटरपेक्षा कमी झाला की त्याचा भरवसा धरू नये. हिरव्याचा खरा अर्थ एवढाच, की आपल्यापेक्षा बऱ्यापैकी वेगाने जवळ येणारं काही नाही. मागे रस्ता रिकामा आहे असं ते कधीच सांगत नाही.

बीड शहरात शिरताना आवाज बंद करून टाकावा. ऑटो, एसटी, काळी-पिवळी, सगळेच मागे. तिथे रडार सारखं वाजतं आणि सारख्या वाजणाऱ्या गोष्टीकडे माणूस लक्ष देईनासा होतो. गावाबाहेर पडल्यावर आवाज परत चालू करायची आठवण ठेवावी.

बीडहून मांजरसुंब्याकडे रस्ता बालाघाटावर चढतो. कपिलधारला जाणाऱ्यांची वर्दळ असते, आणि भरलेले ट्रक घाटात जेमतेम ताशी १५ ने सरकतात. चढावर सायकल ताशी ८ ची असेल तर फरक उरतो ७ चा, म्हणजे अगदी मागे ट्रक असूनही पडदा हिरवा. तिथे इंजिनाचा आवाज कानाला कळतो म्हणून निभावतं. कुठल्याही घाटाचा उतार याहून फसवा. सायकल ताशी ४५ ने सुटलेली, मागची कार ५० ने. फरक ५ चा, रडार गप्प, आणि कानात वाऱ्याचा घोंगाट असल्याने इंजिनही ऐकू येत नाही. वळणावर तर डोंगराची कड आड येते. लहरी सरळ जातात, वळणाआडची गाडी ती वळण संपवून सरळ मागे येईपर्यंत दिसत नाही. उतारावर हँडलच्या उजव्या टोकाला बसवलेला छोटा आरसा रडारपेक्षा जास्त कामाचा. आपल्याकडे गाड्या उजवीकडून पुढे जातात, म्हणून आरसा उजवीकडेच हवा.

मांजरसुंब्याला महामार्ग सोडून नेकनूर, केज, अंबाजोगाई असा रस्ता धरला. खरं सांगण्यासारखं सगळं इथून सुरू होतं.

दुभाजक गेला की गणित बदलतं. मागून ताशी ८० ने कार आली आणि सायकल २० वर असेल, तर १४० मीटरवर पहिला इशारा मिळाल्यापासून ती शेजारी यायला साधारण ८ सेकंद लागतात. एवढ्या वेळात सायकल ४७ मीटर पुढे जाते. म्हणून इशारा झाला की आधी त्या ४७ मीटरवर काय आहे ते बघायचं: मोरीचा कठडा, उभी ट्रॉली, खड्डा, कुत्रं. मग त्याच्या पलीकडे. समोरून ताशी ६० ने एसटी येत असेल आणि ती या क्षणी आपल्यापासून १८५ ते १९० मीटरवर असेल, तर एसटी, कार आणि सायकल एकाच जागी भेटणार. दोन पदरी रस्त्यावर तिघांची जागा होत नाही आणि कारवाला ब्रेक मारेलच असं नाही. ही गाठ टाळण्यासाठी ते ८ सेकंद आहेत. वेग कमी केला की भेटायची जागा आपल्या पुढे सरकते. तेवढंच बहुतेक वेळा पुरतं. रडारचं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं. 'गाडी येतेय' हे हॉर्नही सांगतो, पण तो पाठीशी आल्यावर वाजतो, आणि दचकलेल्या माणसाचं हँडल हलतं.

इशारा झाला म्हणून कडेला चिकटायचं नाही. डांबराच्या कडेपासून दोन-अडीच फूट आत सरळ रेषेत चालवत राहावं. कडेला चिकटलं की मागच्याला वाटतं जागा आहे, आणि तो समोरची गाडी येत असतानाही घुसतो. आतल्या गावरस्त्यांवर तर कडेची भीती वेगळीच. काळ्या मातीत पावसाळ्यानंतर साईडपट्टी खचते आणि डांबर वीतभर उंच राहतं. खाली उतरायची वेळ आलीच तर वेग कमी करून, दोन्ही पॅडल आडवे ठेवून, सीटवरून किंचित उठून उतरावं. परत वर येताना मात्र थांबून सायकल उचलून घ्यावी. तिरपं चाक त्या कडेला घासत राहतं, वर चढत नाही, आणि सायकल उजवीकडे, म्हणजे गाड्यांच्या बाजूला पडते.

केज सोडल्यावर उसाची वाहतूक लागली. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्चपर्यंत या भागात सगळा रस्ता उसाचा असतो: टायर बैलगाड्या, ट्रक, आणि डबल ट्रॉली. एक हेड म्हणजे ट्रॅक्टर, त्याच्यामागे दोन ट्रॉल्या, वाढ्यांची (उसाच्या शेंड्यांची) टोकं दोन्ही अंगांनी हात-हातभर बाहेर, आणि हेडवर डेक लावलेला. गाणं लांबून ऐकू येतं हे खरं, पण वारा समोरचा असेल तर तेही फार उशिरा.

डबल ट्रॉली सपाटीवर ताशी २५ च्या आसपास चालते. सायकल २० वर. फरक ५ चा. पडदा हिरवा, ठिपका नाही, आवाज नाही, आणि उजव्या खांद्यामागे ट्रॅक्टरचं पुढचं चाक. या रस्त्यावर हे पुन्हापुन्हा होतं, आणि मशीन बिघडलेलं नसतं. ताशी ५ च्या फरकाने १४० मीटर कापायला ट्रॅक्टरला दीड मिनिटाहून जास्त लागतं. तेवढा सगळा वेळ तो मागे असतो आणि रडार त्याला हिशोबात धरत नाही. हीच सायकल वाऱ्याने १२ वर आली तर फरक १३ होतो आणि तोच ट्रॅक्टर लगेच पडद्यावर उमटतो. रडार कधी दाखवतं, कधी नाही, असं लोक म्हणतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

खरा धोका तो शेजारी आल्यावर. हेड आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी १५ मीटर धरली, तर ताशी ५ च्या फरकाने तो सगळा ताफा आपल्या शेजारून जायला जवळजवळ ११ सेकंद घेतो. कार एका सेकंदात निघून जाते. या ११ सेकंदांत समोरून काही आलं की ड्रायव्हर हेड डावीकडे दाबतो. त्याला सायकल दिसत नसते, ती आता दुसऱ्या ट्रॉलीच्या शेजारी असते. मागची ट्रॉली हेडपेक्षा आतून वळते, शिवाय झोके खाते. हेड पुढे गेलं म्हणून सुटलो असं धरून उजवीकडे सरकू नये.

उपाय साधा आहे आणि त्याला मशीन लागत नाही. दर मिनिटाला एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघावं. ट्रॅक्टर दिसला की पायडल थांबवून १० वर यावं. फरक १५ चा होतो, रडार जागं होतं, आणि तोच ताफा साधारण साडेतीन सेकंदांत पुढे निघून जातो. त्याच्याशी बरोबरी करत २४-२५ ने रेटत राहणं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा तो शेजारून हलतच नाही. गेल्यावरही लगेच आत येऊ नये. ट्रॉलीच्या आडोशाला दुचाकी असते, पुढे निघायला टपलेली. मोठ्या गाडीआडचं रडारला दिसत नाही.

ड्रायव्हर मंडळींबद्दल वाईट बोलवत नाही. रात्रंदिवस खेपा, वजनकाट्यावर तासन्‌तास नंबर लावून बसणं. उतरून उभं राहिलं तर दहातले आठ जण हात करतात, एखादा दोन कांड्या उसाच्या काढून देतो. राग येतो तो मागे रिफ्लेक्टर न लावता ट्रॉल्या रस्त्यावर सोडणाऱ्यांचा. एका लाल पट्टीचं काम आहे.

धुळीबद्दल लिहायलाच हवं. वाढ्यांचा भुगा आणि काळी माती मिळून रडारच्या तोंडावर थर बसतो. सुकी धूळ फारशी नडत नाही. ओला चिखल नडतो, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. प्रत्येक थांब्यावर ओल्या फडक्याने पुसावं. उंची जमिनीपासून २५ ते १२० सेंटीमीटरमध्ये, तोंड सरळ मागे, वर-खाली कललेलं नको. सीटखाली मोठी बॅग बांधणाऱ्यांचं इथेच चुकतं: बॅग खाली लोंबते, रडार निम्मं झाकतं. अशा वेळी ते मागच्या कॅरिअरला लावावं. फिरवून बसवायची खाच गतिरोधकांवर सैल होऊ शकते, म्हणून बारीक दोरीने सीटच्या दांडीला बांधून ठेवावं. निघण्यापूर्वी रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभं राहावं आणि एखादी गाडी मागून येऊ द्यावी. ठिपका आला तर जोडणी ठीक. वाटेत जोडणी तुटली तर रडार गप्प होतं, आणि गप्प रडार रिकाम्या रस्त्यासारखंच भासतं; पडद्यावरची रडारची खूण अधूनमधून बघत राहावी.

बॅटरी दिवसाच्या लुकलुकीवर १६ तास, रात्रीच्या लुकलुकीवर किंवा स्थिर दिव्यावर ६ तास. पहाटे ६ ला निघून संध्याकाळी ६ पर्यंत चाललं तर चौथाई उरते, म्हणजे रात्रीचे दीड तास. म्हणून जेवणाच्या थांब्यावर लावून टाकावं. अंबाजोगाईच्या अलीकडे एका हॉटेलवाल्याने स्वतःचा फोन काढून बोर्ड मोकळा करून दिला आणि शेजारच्या शेतातला हुरडा पुढ्यात ठेवला. पैसे घेतले ते फक्त चहाचे. वायर मात्र स्वतःची न्यावी. आरटीएल५१५ ला जुनी मायक्रो यूएसबी लागते आणि हॉटेलांत आता सगळीकडे टाईप-सी असते.

अंबाजोगाईत योगेश्वरीचं दर्शन, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी लातूर. त्या रस्त्याबद्दल एकच सांगतो. पंक्चर झालेली किंवा एक्सल तुटलेली ट्रॉली रस्त्यातच उभी राहते, ड्रायव्हर चाकामागे आणि दहा-वीस पावलं अलीकडे डोक्याएवढे दगड मांडतो. ट्रॉली दुरुस्त होऊन जाते, दगड तिथेच राहतात. रडार मागे बघतं, दगड समोर असतो. अंधारात तिथून जायचं असेल तर पुढचा दिवा डांबरावर लांब पडेल असा लावावा, नुसता लुकलुकणारा नको. दिवसा असे दगड दिसले तर आधी सायकल डांबराबाहेर उभी करावी, दोन्हीकडे बघावं, आणि ते उचलून साईडपट्टीच्या पलीकडे चारीत टाकावेत.