माझा अनुभव: घर आमचं, जमीन त्यांची आणि एक न पाठवलेलं पत्र

2022 च्या मे महिन्यात एके सकाळी दोन माणसं आमच्या मोबाईल होम पार्कच्या, म्हणजे भाड्याच्या जागेवर उभ्या घरांच्या वसाहतीच्या, गल्लीत फिरत होती, प्रत्येक घराच्या कडेचे विजेचे मीटर, गॅसच्या लाइनी, गटाराची झाकणं सगळ्याचे फोटो काढत. मी कामावर निघाले होते, विचारलं तर म्हणाले इन्शुरन्सचं काम आहे. इन्शुरन्सवाले गटाराची झाकणं उचलून बघत नाहीत एवढं मलाही कळतं, पण उशीर झाला होता, मी निघून गेले. संध्याकाळी परत येते तर शेजारच्या व्हिएतनामी आजी माझ्याच पायरीवर बसलेल्या, हातात दाराला कोणीतरी अडकवलेली चिठ्ठी. पार्क विकलं जातंय, लवकरच बंद होणार, तुमचं घर आम्ही रोख घेतो, 40 हजार डॉलर. आजींचं घर त्यावेळी सहज 2 लाखाच्या वर गेलं असतं. आणि त्या मला विचारत होत्या सही कुठे करायची.

थोडं मागचं सांगते, कारण भारतातल्या लोकांना मोबाईल होम म्हटलं की चाकांवरची गाडी वाटते. इथे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत असे जवळपास 60 पार्क आहेत, त्यात 10 हजारांवर घरं. नाव मोबाईल पण एकदा ठेवलं की हलत नाही, हलवायला गेलं तर खर्च प्रचंड आणि जुनं घर दुसऱ्या पार्कात कोणी घेतही नाही. आमचं 1978 चं डबल-वाइड, म्हणजे दोन अर्धी घरं आणून मधोमध जोडलेली, मागच्या कोपऱ्यावर अजून ती लाल पत्र्याची एचयूडीची, म्हणजे केंद्र सरकारच्या गृहखात्याची, पट्टी ठोकलेली आहे (15 जून 1976 पासून बनलेल्या घरांनाच असते). घर आमच्या नावावर, त्याचा कागद गाडीच्या आरसी बुकासारखा राज्याच्या हाउसिंग खात्याकडे, आणि खालची जमीन पार्कमालकाची, तिचं दर महिन्याला स्पेस रेंट. आईला फोनवर सांगताना म्हटलं गिरगावच्या मावशीच्या पागडीसारखं समज. तर ती म्हणाली, मग मालक बदलला तर रडतेस कशाला, मावशीचे तीन बदलले, ती आहे तिथेच आहे. बरोबर बोलत होती बाई, पण ते मला पटायला चार महिने गेले.

कारण त्या आठवड्यात पार्कमध्ये नुसती धावपळ. कोणी म्हणे टॉवर होणार, कोणी म्हणे 60 दिवसांत बाहेर. मी घरी येऊन पार्कच्या कायद्याचं पुस्तक शोधलं. कॅलिफोर्नियात पार्कवाल्यांसाठी वेगळा कायदाच आहे, मोबाईलहोम रेसिडेन्सी लॉ, सिव्हिल कोडचं कलम 798 पासून पुढे, आणि त्याची माहिती मॅनेजमेंटला दरवर्षी 1 फेब्रुवारीच्या आत द्यावीच लागते. आमच्याकडे त्याचं पुस्तक कढीपत्त्याच्या कुंडीखाली होतं. मधली पानं ओली होऊन चिकटलेली, हेअर ड्रायरने वाळवून वाचली, खरंच.

आणि तिथे सापडलं 798.80. मालकाला पार्क विकायचं असेल तर ब्रोकरला लेखी काम द्यायच्या किंवा स्वतःहून कुणाला ऑफर द्यायच्या कमीत कमी 30 दिवस आधी रहिवाशांच्या संघटनेचे प्रेसिडेंट, सेक्रेटरी आणि ट्रेझरर यांना लेखी कळवायचं. मी उडालेच, म्हटलं चला सापडला! लगेच पुढचं पान. हे सगळं कधी, तर संघटनेने आधी मालकाला लेखी कळवलं असेल की आम्हाला पार्क विकत घेण्यात रस आहे, तिघांची नावं पत्ते दिले असतील, आणि तेच पत्र दरवर्षी परत दिलं असेल तरच. पदाधिकारी बदलला किंवा त्याचा पत्ता बदलला तर 5 दिवसांत कळवायचं. नाही कळवलं तर मालकावर काही बंधन नाही.

आमची संघटना होती हो, कागदावर. शेवटचं पत्र 2019 चं. मग कोविड आला, प्रेसिडेंट होते ते मुलाकडे टेक्ससला राहायला गेले, आणि पत्राचं कुणाच्या डोक्यातही नाही. त्याची फाइल त्यांच्या जुन्या घराच्या शेडमध्ये सापडली, वर एक फिशिंग रॉड ठेवलेला.

मग क्लबहाउसमध्ये मीटिंग ठेवायची ठरवली. मॅनेजर म्हणाली 250 डॉलर डिपॉझिट आणि लायबिलिटी इन्शुरन्स आणा. आता मी पुस्तक घेऊनच फिरत होते, 798.51 दाखवलं, पार्कच्या विषयावर रहिवाशांची मीटिंग असेल तर क्लबहाउसला डिपॉझिट पण मागता येत नाही आणि इन्शुरन्स पण नाही. ती म्हणाली विचारून सांगते, दुसऱ्या दिवशी किल्ली मिळाली. 142 घरांपैकी 61 घरांतून माणसं आली, तीन भाषांत भाषांतर, एक मेक्सिकन काका मोठं पातेलं भरून पोसोले घेऊन आले, मी कांदेपोहे. फुकट सल्ला देणारी एक वकील बाई आली होती. तिने पहिल्या पाच मिनिटांत जे सांगितलं त्यासाठी आम्ही दोन आठवडे झोपलो नव्हतो. पार्क विकणं वेगळं आणि पार्क बंद करणं वेगळं. विकलं की नुसता मालक बदलतो, तुमचं अग्रीमेंट तसंच चालू राहतं, नव्या मालकाला ते पाळावं लागतं. बंद करायचं किंवा दुसरं काही बांधायचं असेल तर पालिकेपुढे जावं लागतं, त्या सुनावणीची नोटीस 60 दिवस आधी, लोकांवर काय परिणाम होईल त्याचा रिपोर्ट, मंजुरी मिळाली तरी त्यानंतर कमीत कमी 6 महिन्यांची नोटीस, आणि परवानगीची गरजच नसेल तर 12 महिन्यांची. शिवाय 2021 पासून नवा नियम, दुसऱ्या पार्कात नीट सोय होत नसेल तर घराची आहे त्या जागेवरची बाजारभावाची किंमत मालकाने द्यायची. आजींना हे व्हिएतनामीत सांगितलं गेलं तेव्हा त्यांनी पर्समधून ती 40 हजारवाली चिठ्ठी काढली आणि तिच्यावर पोसोलेचा वाडगा ठेवला.

मग मी वकील बाईला पत्राचं विचारलं. ती म्हणाली, त्याचा आता उपयोग नाही. आणि एक गोम अजून आहे, खरेदीदार आपणहून मालकाकडे आला असेल तर ती कायद्याने मालकाची ऑफर धरतच नाहीत, म्हणजे तुमचं पत्र असतं तरी मालक म्हणू शकला असता तोच आला माझ्याकडे. नोटीस मिळाली असती तरी पहिला हक्क वगैरे काही नाही, नुसतं कळतं, मग पळायचं. कोलोरॅडोत रहिवाशांना ऑफर द्यायला 120 दिवस मिळतात, 2022 मध्येच 90 चे 120 केले. हे ऐकून मला इतका राग आला ना, आमचं कॅलिफोर्निया इतकं मोठं राज्य आणि एवढं तोकडं कलम.

तरी घेतलं असतं का आम्ही? प्रामाणिकपणे सांगते, बहुतेक नाही. जवळच पालो आल्टोचं ब्वेना व्हिस्टा सगळ्यांना माहीत आहे, 117 घरं, 2012 मध्ये मालकाने बंद करतो म्हणून सांगितलं आणि 2017 मध्ये काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) हाउसिंग अथॉरिटीने 4 कोटी डॉलरच्या वर देऊन घेतलं, त्यात काउंटीचे आणि शहराचे प्रत्येकी 1 कोटी 45 लाख. पाच वर्षं, आणि एवढे सरकारी पैसे. आमच्या संघटनेच्या खात्यात तेव्हा 312 डॉलर होते.

ऑक्टोबरमध्ये विक्री झाली. आम्हाला कळलं ते दाराला लावलेल्या कागदावरून, पुढच्या महिन्यापासून चेक अमुक एलएलसीच्या, म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या, नावाने. पाठोपाठ एक तरुण मुलगा टॅबलेट घेऊन घरोघरी, नवीन लीज आहे, सगळे करतायत, इथे बोटाने सही करा. मी म्हटलं कागदावर दे, वाचते. तर कागद नव्हताच त्याच्याकडे. ज्यांनी सही केली त्यांना दोष नाही देणार, संध्याकाळी 7 वाजता दमून आलेला माणूस काय वाचणार. नोव्हेंबरच्या बिलात 35 डॉलर अ‍ॅडमिन फी आली. यावेळी मात्र आम्ही तयार होतो, अग्रीमेंटमध्ये नसलेली फी लावायची तर 60 दिवस आधी लेखी कळवावं लागतं आणि ती खरंच दिलेल्या सर्व्हिसची असावी लागते. एकच पत्र, 44 सह्या, आणि सोबत राज्याच्या हाउसिंग खात्याकडे तक्रार, कारण तिथे 2020 पासून याच कामासाठी प्रोग्रॅम होता आणि त्यासाठी स्पेसमागे वर्षाला 10 डॉलर जायचे जे मालक आपल्याकडूनच घ्यायचा, मग वापरायचे कधी? जानेवारीच्या बिलात फी गायब. काही खुलासा नाही, सॉरी नाही, नुसती गायब.

रेंटचं टेन्शन सगळ्यात जास्त होतं, पण शहराचा नियम आडवा आला. 1979 च्या सप्टेंबरच्या आधीच्या पार्कांना वर्षाची वाढ महागाईच्या आकड्याच्या 75 टक्के, कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 7 टक्के, आणि 90 दिवसांची लेखी नोटीस. आमचं पार्क त्यात बसतं. मैत्रीण दुसऱ्या काउंटीत आहे, तिच्याकडे असला काही नियम नाही, तिचं मालक बदलल्यावर पहिल्याच वर्षी जे वाढलं ते ऐकून मी गप्प बसले.

संघटना आम्ही नव्याने रजिस्टर केली, सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे नॉन-प्रॉफिट म्हणून, 30 डॉलर फी. मी ट्रेझरर, म्हणजे 312 डॉलर सांभाळणारी. पत्र चार ओळींचं आहे, आम्हाला पार्क विकत घेण्यात रस आहे, आणि खाली तिघांची नावं पत्ते. दर फेब्रुवारीत सर्टिफाइड मेलने जातं, पोस्टाचं हिरवं कार्ड सहीसकट परत येतं, ते मी बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात ठेवते. गेल्या वर्षी सेक्रेटरी याच पार्कात 31 नंबरवरून 88 वर राहायला गेली, चालत दोन मिनिटं, आणि आम्ही तिसऱ्या दिवशी पत्ता बदलाचं पत्र पाठवलं, ऑफिसमधली मुलगी हसत होती. हसू दे.

यंदाचं कार्ड अजून आलेलं नाही, 9 दिवस झाले. सोमवारी लंच ब्रेकला पोस्टात जाऊन विचारणार आहे.