कॉर्डलेस राऊटर घेताना बॅटरीनेच डोकं खाल्लं – माझा अनुभव

बॅटरीवर चार्ज दाखवणारे चारपैकी तीन दिवे जळतायत आणि राऊटर (लाकडात खाचा मारायचं, कडा गोल करायचं फिरत्या बिटचं यंत्र) मात्र खाच अर्धी झाल्यावर बंद. परत बटण दाबलं की चालू, वीतभर पुढे सरकलं की परत बंद. ज्यांच्या बाबतीत हे झालंय त्यांना माझा वैताग कळेल, आणि ज्यांच्या बाबतीत नाही झालं त्यांनी कॉर्डलेस राऊटर घेण्याआधी हे वाचा. मी घेण्याआधी जे काही वाचलं-पाहिलं त्यात राऊटरबद्दल ढीगभर माहिती होती आणि बॅटरीबद्दल एकच ओळ, "जास्त एएच म्हणजे जास्त वेळ चालणार" (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो तो आकडा). संपला विषय. तो तिथे संपत नाही, खरं तर तिथूनच सुरू होतो.

राऊटर निवडायला मला फार वेळ नाही लागला. १८ व्होल्टचे छोटे राऊटर, म्हणजे ज्यांना आपण ट्रिमर म्हणतो ते, आता बहुतेक ब्रशलेस (मोटारीत कार्बन ब्रश नसलेले) आहेत, पाव इंची कोलेटवर, म्हणजे बिटचा दांडा आवळून धरणाऱ्या पकडीवर, चालतात (काही देशांत ६ किंवा ८ मिमीचं कोलेट मिळतं) आणि कामात फार डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. मकिताचा डीआरटी५० मिनिटाला १० हजार ते ३० हजार फेरे, मिलवॉकीचा एम१८ १० हजार ते ३१ हजार, डिवॉल्टचा डीसीडब्ल्यू६०० १६ हजार ते २५,५००. कागदावर डिवॉल्ट मागे वाटतो पण पाव इंची शँकचे (दांड्याचे) बिट मुळात लहान व्यासाचे असतात, त्यांना १६ हजाराच्या खाली जायची वेळ क्वचित येते. उलट त्याची खोली ठरवायची फिरती रिंग मला सगळ्यात आवडली. आणि डब्यावर कुठे १८ लिहिलंय आणि कुठे २० म्हणून गोंधळू नका, आत पाचच सेल असतात, एका सेलचे ३.६ धरले तर १८ होतात आणि नुकतं चार्ज झाल्यावरचे ४ धरले तर २०. जाहिरातवाल्यांचा खेळ आहे.

शेवटी ज्या कंपनीच्या बॅटऱ्या आधीच घरात आहेत तिचाच घ्यावा हे सगळेच सांगतात, मीही तेच केलं. कोणती कंपनी ते सांगत नाही कारण पुढे जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या बाबतीत झालं असतं. सेटमध्ये २ एएचची छोटी बॅटरी आली. राऊटर छोटा, बॅटरी छोटी, छान जोडी वाटली.

कडांना ३ मिमीची गोलाई मारून बघितली, लोण्यासारखं काम. दोन दिवस मी खुशीत होतो.

मग कपाटाच्या बाजूच्या फळ्यांना खण बसवायच्या खाचा मारायला घेतल्या. लाकूड टणक, बिट १२ मिमीचा सरळ आणि नवाकोरा, खोली एका वेळी ३ मिमीच, म्हणजे अधाशीपणा काहीच नाही. गाईड घट्ट बांधलेला. आणि हा पठ्ठ्या अर्ध्यात बंद. खाचेच्या मध्ये राऊटर थांबला की काय होतं माहितीये ना, बिट जिथे थांबतो तिथे काळा डाग, आणि परत चालू करताना हात जरा जरी हलला तरी खाचेच्या भिंतीला खड्डा. जुन्या निकेल बॅटऱ्या निदान हळूहळू मंद व्हायच्या, आपल्याला कळायचं की आता दम संपत आलाय. लिथियमवाली शेवटपर्यंत पूर्ण वेग देते आणि मग एकदम गप्प.

मी म्हटलं बॅटरी उतरली असेल. दिवे बघितले तर तीन जळतायत. परत चालू केलं, परत तेच.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथे बरंच ताटकळून झाल्यावर उत्तर काय, तर "बॅटरी पूर्ण चार्ज करून वापरा". अहो तीन दिवे आहेत. "हो, पण पूर्ण करून बघा." केली पूर्ण. चार दिव्यांवर जरा जास्त चालला आणि परत बंद. दुसऱ्यांदा फोन, दुसरा माणूस, तो म्हणे बिट बोथट असेल. नवा आहे म्हटलं तर म्हणे हळू ढकला. हळू ढकललं तर बिट घासतो आणि लाकूड जळतं, हे त्यांना कोण सांगणार. तिसरा म्हणाला राऊटर पाठवून द्या, तपासायला दोन-तीन आठवडे लागतील. तेव्हा मात्र माझी सटकली.

त्यात चार्जरची वेगळीच तऱ्हा. बंद पडलेली बॅटरी तापलेली असायची, ती चार्जरवर ठेवली की चार्ज सुरूच होत नाही, नुसता लाल दिवा लुकलुकतो. म्हणजे "गरम आहे, थंड होईपर्यंत थांबा". बरोबरच आहे त्याचं, तापलेल्या लिथियम सेलमध्ये करंट ढकलणं वाईटच, पण समोर फळी क्लॅम्पला बांधलेली, गाईड लावलेला आणि आपण त्या लाल दिव्याकडे बघत बसलोय, ही जी अवस्था आहे ना, ती शत्रूवर येऊ नये. मी बॅटरी पंख्यासमोर धरून उभा राहिलोय. (फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आत पाणी सुटतं.)

उत्तर सापडलं ते कोणी सांगितलं म्हणून नाही. गोल करवतीची ५ एएचची जाडी बॅटरी बाजूला पडली होती, वैतागून ती लावली. तोच राऊटर, तोच बिट, तीच फळी, तेवढीच खोली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता गेला. पुढची खाचही गेली. मग माझं डोकं चालायला लागलं, कारण दुसरी बॅटरी जास्त वेळ चालते म्हणून हे झालेलं नाही, पहिली तर भरलेली असतानाच थांबत होती.

तर आतलं गणित असं आहे. २ एएचच्या साध्या बॅटरीत पाच सेल एकामागे एक. ५ एएचमध्ये दहा, म्हणजे दोन-दोन सेल जोडीने आणि अशा पाच जोड्या. समजा टणक लाकडात राऊटर ४०० वॉट खेचतोय. १८ व्होल्टला ते झाले साधारण २२ अँपिअर. छोट्या बॅटरीत हे २२ च्या २२ प्रत्येक सेलमधून जातात. मोठ्यात जोडीत वाटले जातात, एका सेलच्या वाट्याला ११. आता सेलच्या आत स्वतःचा थोडा विरोध असतोच, त्यामुळे करंट वाढला की व्होल्टेज खाली बसतं आणि सेल तापतो, आणि तापणं करंटच्या वर्गात वाढतं, म्हणजे करंट अर्धा झाला की एका सेलचं तापणं पावपट. व्होल्टेज बसलं की राऊटरमधला इलेक्ट्रॉनिक्सवाला भाग वेग टिकवायला आणखी करंट मागतो, त्याने व्होल्टेज आणखी बसतं, आणि एका मर्यादेखाली गेलं की बॅटरी सेलना वाचवायला सरळ पुरवठा तोडते. आणि तुम्ही हात काढून दिवे बघता तेव्हा भार नसतो, व्होल्टेज परत वर आलेलं असतं, म्हणून दिवे तीन! दिवे खोटं बोलत नाहीत, पण ते आरामात बसलेल्या बॅटरीची तब्येत सांगतात, पळणाऱ्या नाही.

एवढी साधी गोष्ट तीन माणसांपैकी एकानेही फोनवर सांगितली नाही. एकाने जरी विचारलं असतं "बॅटरी कुठली लावलीये" तरी माझा तो अख्खा आठवडा वाचला असता. आणि डब्यावर एक ओळ छापायला काय जातं की जड कापाला दहा सेलची बॅटरी वापरा. मोठ्या करवतीच्या पुस्तिकेत असं कधीकधी लिहितात, छोट्या राऊटरला मात्र छोटा म्हणून सोडून देतात.

नुसता एएच बघून भागत नाही तो याच्यामुळे. सेल कुठल्या मापाचे आहेत तेही बघायचं. जुने १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी, नवे २१७०० म्हणजे २१ मिमी आणि ७० मिमी. मोठ्या मापाचे पाच सेल घालून बनवलेली ४ एएचची बॅटरी आकाराला छोटीच राहते पण करंट बराच जास्त झेपवते, बॉशची प्रोकोअर ४ एएच तशी. डिवॉल्टच्या पॉवरस्टॅकमध्ये तर गोल सेल नसून चपटे पाउच सेल एकावर एक रचलेत, त्यातली १.७ एएचवाली आकड्याने जुन्या २ एएचपेक्षा लहान असूनही जोराला तिच्यापेक्षा बरी. बॅटरी हातात घेऊन बघितली तरी अंदाज येतो, सेलचा एकच थर असेल तर बुटकी, दोन असतील तर उंच.

वेळेचा हिशोब पण एकदा करून टाका. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॉट-अवर. १८ गुणिले २ म्हणजे ३६, १८ गुणिले ५ म्हणजे ९०. सलग ४०० वॉट खेचले तर ३६ वाली सव्वापाच-साडेपाच मिनिटं आणि ९० वाली तेरा-साडेतेरा मिनिटं, तेही कागदावर. ऐकायला कमी वाटतं पण राऊटर सलग कोण चालवतं, निम्मा वेळ क्लॅम्प बांधण्यात जातो. गोलाई मारताना तर खेच फारच कमी, तिथे छोटी बॅटरीसुद्धा बरीच पुरते. माझ्या खाचांना दोन ५ एएच आलटून-पालटून वापरल्या तर थांबावं लागत नाही. फक्त चार्जर वेगवान हवा. मकिताचा डीसी१८आरसी ५ एएच ४५ मिनिटांत भरतो, सेटबरोबर येणारे कमी करंटचे चार्जर मात्र बरेच रेंगाळतात.

मग सरळ मोठीच बॅटरी घेऊन मोकळं व्हावं का? नाही. ५ एएचची बॅटरी सहाशे ग्रॅमच्या वर भरते, २ एएचची साडेतीनशे-चारशेच्या आसपास, आणि ते सगळं वजन राऊटरच्या डोक्यावर. सपाट फळीवर खाच मारताना ते फळीवरच दाबून बसतं म्हणून उलट बरंच वाटतं. पण कडेवर काम करताना बेसचा निम्मा भाग हवेत असतो, तिथे डोकं जड झालं की राऊटर बाहेरच्या बाजूला कलंडायला बघतो आणि गोलाईत दात पडतो. फळी उभी धरून तिच्या १८ मिमीच्या कडेवर बिजागरीचे खड्डे मारायचे तर विचारूच नका. म्हणून माझं आता ठरलंय, कडा आणि बिजागरीला छोटी, खाच आणि टेम्प्लेटच्या कामाला मोठी. एका बाजूला हँडल असलेला लांबट बेस मिळाला तर जरूर घ्या, आतल्या बाजूने हाताने दाबून ठेवता येतं.

अरे हो, हे आधीच सांगायला हवं होतं, बिट बदलताना बॅटरी काढायचीच. वायरवाल्याचा प्लग काढायची सवय असते, यात प्लग नाही म्हणून विसरायला होतं. बिट कोलेटमध्ये तळाला टेकवून आवळू नका, टेकवून दोनेक मिमी वर ओढा आणि मग आवळा, नाहीतर पकड नीट बसत नाही. ६ मिमीचा शँक पाव इंची कोलेटमध्ये घालू नका, पाव इंच म्हणजे ६.३५, एवढासा फरक पण बिट सटकायला पुरतो. बाहेरच्या कडा घड्याळाच्या उलट दिशेने, आतल्या कडा घड्याळाच्या दिशेने. बारीक भुसा बॅटरीच्या खाचेत आणि संपर्काच्या पट्ट्यांवर बसतो, ब्रशने झाडत जा, पट्ट्या घाण झाल्या की तिथेही तापतं.

अर्धा इंची शँकचं काम असेल तर प्रकरण वेगळं. मिलवॉकीचा एम१८ मधला अर्धा इंची आहे, मकिताचा ४० व्होल्टवाला आरपी००१जी आहे, ४० व्होल्टमध्ये दहा सेल एकामागे एक असल्याने तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा लागतो, त्यामुळे जड कामाला ती रचना मुळातच बरी. पण टेबलाखाली उलटा बसवून पॅनलच्या कडा तासायच्या असतील तर माझं मत स्पष्ट आहे, १४०० ते २००० वॉटचा वायरवाला घ्या. टेबल जागेवरून हलत नाही, मग वायरचा त्रास कसला.

बॅटऱ्या बरेच दिवस वापरणार नसाल तर साधारण निम्म्या चार्जवर, गार जागी ठेवा. आणि दुकानात वजनाची तुलना करताना कागदावरचा आकडा बॅटरीसकट आहे की बॅटरीशिवाय ते आधी बघा. बरेचदा तो नुसत्या राऊटरचा असतो आणि बॅटरी चढवली की वजन बरंच वाढतं. जमलं तर मोठी बॅटरी लावून, एका अरुंद फळीच्या कडेवर ठेवून, हात सैल सोडून बघा किती कलतो ते.