हात गरम होते

रात्री पावणेअकराला कॅज्युअल्टीत ४२ वर्षांच्या ताई आल्या. एसटीतच छातीत धडधड सुरू झाली, श्वास पुरेना, ओठांभोवती मुंग्या, दोन्ही हातांची बोटं चोचीसारखी आवळलेली. आठवड्यातली तिसरी वेळ. आधी दोन दवाखान्यांत ईसीजी नॉर्मल निघाला होता आणि ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून मन शांत करणारी अल्प्राझोलाम ही गोळी मिळाली होती.

आमच्या ज्युनिअरने ऑक्सिजन लावून टाकला होता. सॅच्युरेशन १००! अशा वेळी मास्कने नातेवाइकांचं समाधान होतं आणि पेशंटला मात्र खात्री पटते की आपलं काही खरं नाही. भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कलाइन होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि बोटं आवळतात. कागदी पिशवी तोंडाला लावू नका; दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं असेल तर ती महागात पडते. ईसीजी आणि शुगर पाहून मास्क काढला. ताईंचा हात त्यांच्याच पोटावर ठेवला. नाकाने चार आकडे आत, मग गरम चहावर फुंकर घालावी तसं सहा आकडे बाहेर. दहा-बारा मिनिटांत बोटं सुटली.

केस पेपरवर ‘अँग्झायटी’ लिहून मोकळा झालो. तरी नाडी ११८ वरून हलेना. भीतीने घामेजलेले हात बहुधा गार लागतात, हे गरम आणि ओलसर होते. ईसीजीचाच कागद पसरलेल्या बोटांवर ठेवला तर तो फडफडत राहिला.

“कुठल्या गोळ्या चालू आहेत?”

“थायरॉइडची फक्त.”

मिस्टरांनी पिशवीतून बाटल्या काढल्या. दोन. एक ५० मायक्रोग्रॅमची, दुसरी १०० ची. डॉक्टरांनी डोस वाढवला, जुनी बाटली बंद करा हे कुणी सांगितलं नाही. दोन महिने रोज १५०. वजन ४८ किलो. किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम धरलं तरी ७७ च्या आसपास पुरतात. सकाळी टीएसएच (शरीरात थायरॉइड हार्मोन जास्त झालं की हे घटतं) जवळजवळ शून्य.

गोळी काही दिवस थांबवली, दमा नाही हे विचारून धडधड कमी करणारी प्रोप्रानोलॉल दिली. थायरॉइडच्या गोळीतलं थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे लगेच आराम पडणार नाही हे आधीच सांगितलं. पुढे फिजिशियननी ७५ वर आणलं.

दोन महिन्यांनी नाडी ७८, टीएसएच नॉर्मल. पण ताई एसटीत चढत नाहीत. जिना चढून धडधडलं तरी मानेवर बोट ठेवून ठोके मोजतात. गोळीने लावलेली सवय गोळी गेली तरी गेली नाही. आता मानसोपचारतज्ज्ञ त्यांना मुद्दाम जिना चढायला लावतात, आणि वर पोहोचल्यावर नाडी न मोजता धडधड ओसरेपर्यंत थांबायला.

त्या रात्री थायरॉइड सापडल्यावर मी ‘अँग्झायटी’वर काट मारली होती. परवा फॉलोअपला तोच केस पेपर समोर आला.