जीसीसी बिल्ड मध्येच मरतंय? आधी रॅम बघा (माझा अनुभव)

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच करत होतो, म्हणजे सगळी सिस्टम सोर्सवरून स्वतः बिल्ड करायची. पार्टिशन, बायनयुटिल्स वगैरे काही सांगत बसत नाही, त्याच्या पुस्तकात आहे तसं केलं की होतं. वैताग दिला तो जीसीसीने, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरने.

आमचं डिचोली, त्यात पावसाळा, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे बिल्ड लवकर आटपायची घाई. लॅपटॉप ८ थ्रेडचा, रॅम ८ जीबी. थ्रेड मोजणारा एनप्रॉक ८ सांगतो म्हणून मेकफ्लॅग्समध्ये (बिल्ड चालवणाऱ्या मेक कमांडचं सेटिंग) -जे८, म्हणजे एकावेळी ८ जॉब, सगळे तेच सांगतात. फॅन असा ओरडायला लागला की आई स्वयंपाकघरातून विचारतेय काय जळतंय काय. आणि मग धप्प. खाली फक्त 'एरर २'. अरे पण कसला?? एक जॉब पडला की मेक नवीन काही सुरू करत नाही पण चालू असलेले संपेपर्यंत थांबतं, तेवढ्यात बाकीचे जॉब आपापलं आउटपुट ओतत राहतात आणि खरी एरर कुठेतरी वर गाडली जाते. परत मेक मारलं की जरा पुढे जायचं आणि वेगळ्याच फाईलवर पडायचं. डोकं फिरलं. पण खरी खूण हीच, कोडमध्येच चूक असती तर दरवेळी त्याच ओळीवर पडलं असतं.

शेवटी लॉगमध्ये 'किल्ड' शोधलं तर सापडलं सीसी१प्लस, जीसीसीचा सी++ वाला भाग. डीमेसेज, म्हणजे कर्नलचे मेसेज, बघितलं तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, आउट ऑफ मेमरी. म्हणजे मेमरी संपली की प्रोग्राम मारणाऱ्या कर्नलच्या ओओएम किलरनेच उडवला. मोठ्या सी++ फाईलला एकेक जॉब जीबीच्या वर रॅम खाऊ शकतो, त्यात माझा ब्राउझर उघडा. जॉबमागे २ जीबी धरून चला, कोअर कितीही असोत. -जे३ केलं, स्वॅप फाईल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवली, सुटलं! मेमरी भरपूर मोकळी असूनही दरवेळी नवीन जागी सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या गडबडीने प्रोग्राम कोसळणं) येत असेल तर मात्र रॅम तपासणारं मेमटेस्ट चालवा, रॅमची स्टिकच गेलेली असू शकते.

पुढे एका छोट्या पॅकेजला 'हेडर फाईल सापडत नाही' आलं, ते वेगळं दुखणं. ते हेडर बिल्डमध्येच तयार होतं आणि मेकफाईलमध्ये (मेकला काय कशानंतर करायचं ते सांगणारी फाईल) ते आधी लागतं ही डिपेंडन्सी लिहिलेली नाही, त्यामुळे पॅरलल चालवलं की कोण आधी पोचेल ते नशीब. तेवढं पॅकेज -जे१ ने करा आणि पुढे चला, तिथे हिरोगिरी नको.

हां, आणि सीएचरूटमध्ये, म्हणजे नव्या सिस्टमच्या आत, शिरताना एन्व्ह -आय ही कमांड जुने व्हेरिएबल पुसतं, मेकफ्लॅग्स परत द्या, नाहीतर एकाच कोअरवर रात्र जाईल. मेकला -ओ (कॅपिटल) दिलं की प्रत्येक टार्गेटचं आउटपुट एकत्र येतं, सरमिसळ होत नाही. लॉग टी ने (आउटपुट स्क्रीनवर आणि फाईलमध्ये दोन्हीकडे देणारी कमांड) फाईलमध्ये घेत असाल तर बॅशमध्ये पाइपफेल (पाइपमधली एक कमांड पडली तरी सगळं पडलं धरणारं सेटिंग) चालू ठेवा, कारण मेक पडलं तरी टी आपलं 'सगळं ठीक' सांगून मोकळा होतो आणि पुढची इन्स्टॉलची कमांड बिनधास्त चालू होते.