दोघांचे पाचारण

मिशनरी संस्थेच्या निवड समितीने मुलाखतीसाठी आम्हां दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले, तेव्हा मला नवल वाटले. परदेशात सुवार्ताकार्यासाठी, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगण्यासाठी, जाण्याचा अर्ज आम्ही पतिपत्नींनी मिळून केला होता, प्रश्नावलीची उत्तरे रात्री जागून एकत्र लिहिली होती, आणि समितीपुढे जे काही विचारले जाईल त्याचे उत्तर माझे पती माझ्यापेक्षा चांगले देतील, असे मी धरून चालले होते. माझ्यासमोर बसलेल्या वयस्कर बाई स्वतः अनेक वर्षे परदेशी सेवेत राहून आल्या होत्या. प्रकृती, शिक्षण, घरची माणसे यांची चौकशी झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "तुमच्या यजमानांना देवाचे हे पाचारण झाले नसते, तर तुम्ही गेला असता का?" मी थोडा वेळ गप्प राहिले आणि जे खरे होते तेच सांगितले, "नाही. ते जात आहेत म्हणून मी जात आहे."

काही दिवसांनी पत्र आले. अर्ज नामंजूर झाला नव्हता. एक वर्ष थांबावे, प्रार्थना करावी आणि मग दोघांनी पुन्हा यावे, असे त्यात लिहिले होते. ते पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचले, आणि माझ्या एका उत्तरामुळे पतींचे आयुष्यभराचे स्वप्न अडले, या विचाराने मला रडू कोसळले.

माझ्या पतींना पाचारण झाले ते आमच्या लग्नाआधी, तरुणांच्या एका शिबिरात. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा तेरावा अध्याय वाचला जात होता. अंत्युखिया शहरातील ख्रिस्ती मंडळी उपास व प्रार्थना करत असताना पवित्र आत्मा बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळे करून ठेवण्यास सांगतो, आणि मंडळी त्यांच्यावर हात ठेवून त्यांना रवाना करते, असा तो प्रसंग आहे. तेव्हापासून त्यांच्या मनात या गोष्टीविषयी शंका अशी राहिलीच नाही. लग्न ठरताना त्यांनी मला हे स्पष्ट सांगितले होते, आणि मीही आनंदाने होकार दिला होता. पण तो होकार मी त्यांना दिलेला होता. प्रभूला दिलेला होकार ही वेगळी गोष्ट आहे, हे समजायला मला ती मुलाखत व्हावी लागली.

त्या अध्यायाबद्दल एक गोष्ट मला पुढे फार महत्त्वाची वाटू लागली. आत्म्याचे ते शब्द एकांतात बसलेल्या एखाद्या व्यक्तीला उद्देशून आलेले नाहीत. ते एकत्र जमलेल्या सेवकांना सांगितलेले आहेत. म्हणजे ज्याला पाठवायचे त्याच्या अंतःकरणातील ओढ आणि त्याला ओळखणाऱ्या विश्वासणाऱ्यांची पारख, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या आहेत. आम्हांला थांबवणारी समिती आमच्या मार्गातील अडथळा आहे, असे आम्हांला सुरुवातीला वाटले. आज मी म्हणेन की तिने आमच्यावर केलेले ते सर्वांत मोठे उपकार होते.

त्या वर्षाच्या आरंभी आमच्या पाळकसाहेबांनी आम्हांला इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांच्या जीवनाचा अभ्यास करायला सांगितले. केरी यांचे नाव मराठी ख्रिस्ती माणसाला परके नाही. बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी नवा करार १८११ साली बाहेर पडला, हे आम्हांला ठाऊक होते. त्यांच्या पत्नी डोरोथी यांच्याविषयी मात्र आम्हांला जवळजवळ काहीच माहीत नव्हते. १७९३ साली केरी यांनी भारतात जाण्याचे ठरवले, तेव्हा डोरोथी गरोदर होत्या आणि त्यांनी जाण्यास नकार दिला होता. केरी थोरल्या मुलाला घेऊन निघाले. परवान्याच्या अडचणीमुळे त्यांना जहाजावरून उतरावे लागले, आणि त्या मिळालेल्या अवधीत ते पुन्हा घरी आले. तोवर डोरोथी बाळंत झाल्या होत्या. बहीण बरोबर येणार असेल तर येते, असे म्हणून त्या अखेर तयार झाल्या आणि काही आठवड्यांचे तान्हे मूल घेऊन जहाजात बसल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर बंगालमध्ये तापाने वारला. त्यानंतर डोरोथी यांचे मानसिक स्वास्थ्य जे ढासळले ते १८०७ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत सावरले नाही. ज्या घरात पवित्र शास्त्राचे (बायबलचे) भाषांतर चालले होते त्याच घरातील एका खोलीत ही आई भ्रमिष्ट अवस्थेत दिवस काढत होती.

हे आम्ही रात्री एकत्र वाचत होतो. माझे पती मोठ्याने वाचत होते आणि वाचता वाचता ते थांबले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग ते म्हणाले, "तुझ्या मनात नसेल तर मी अर्ज मागे घेतो. मी येथेच शिकवीन, आणि त्याबद्दल तुला कधी एक शब्दही बोलणार नाही." त्यांनी हे मला बरे वाटावे म्हणून म्हटले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच पाळकसाहेबांना भेटून तसे सांगितले. केरी यांच्या कार्याविषयी माझ्या मनात आजही अपार आदर आहे, परंतु डोरोथी यांची कहाणी चरित्रांतून ओझरती सांगितली जाते हे मला योग्य वाटत नाही. सेवेला निघणाऱ्या प्रत्येक जोडप्याने ती सबंध ऐकली पाहिजे.

त्या दिवसापासून मी मोकळी झाले. पतींच्या पाचारणाचे ओझे माझ्या खांद्यावरून उतरले, आणि मग माझ्याशी काही बोलले जात आहे का, हे ऐकण्याइतकी शांतता मनाला मिळाली. मी व्यवसायाने परिचारिका आहे. त्या काळात आमच्या प्रसूतिविभागात दूरच्या मुलखातून कामासाठी आलेल्या कुटुंबातील एक बाई दाखल झाली. तिचा गर्भ पोटातच गेला होता. तिची भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. येत होती ती तिच्या आठ वर्षांच्या मुलाला, थोडी तिची आणि थोडी आमची. डॉक्टर जे सांगत होते ते त्या मुलाने आईला सांगायचे, आणि आई जे म्हणेल ते आम्हांला. आपले भावंड जिवंत नाही, हे त्या मुलाने स्वतःच्या तोंडाने आईला सांगितले. त्या बाईने मग काही विचारले. मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "आई विचारते, हे कोणी केले?"

ती रात्र मला विसरता येत नाही. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे शब्द होते, पण तिच्या भाषेत नव्हते, आणि ते आठ वर्षांच्या मुलाकरवी पाठवण्यासारखे नव्हते. मी फक्त तिच्याजवळ बसून राहिले. घरी आल्यावर मी पतींना म्हटले, "मला एक भाषा शिकायची आहे. दुःखात असलेल्या बाईशी बोलता येईल इतकी नीट शिकायची आहे." मला कोणताही दृष्टान्त झाला नाही, कोणताही आवाज ऐकू आला नाही. माझे पाचारण एवढेच आहे, आणि त्यानंतर ते एक दिवसही डळमळलेले नाही.

वर्ष संपल्यावर आम्ही पुन्हा समितीसमोर गेलो. त्याच बाईंनी तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी मी उलट बोलले, "यजमानांना जाता आले नाही तर काय करायचे, हा प्रश्न आता मला पडतो."

यानंतरचा काळ कागदपत्रांचा आणि तपासण्यांचा होता, त्याविषयी फार लिहीत नाही. वैद्यकीय तपासणी झाली, मानसशास्त्रज्ञांशी दीर्घ मुलाखती झाल्या, ओळखीच्या माणसांकडून आमच्या वागणुकीविषयी गोपनीय पत्रे मागवली गेली, आणि डोक्यावर कर्ज असताना पाठवता येणार नाही या नियमामुळे घराच्या कर्जाचे उरलेले हप्ते आम्ही आधी फेडले. दोन वर्षे पवित्र शास्त्राचे शिक्षण घेतले. त्या प्रशिक्षणात मला सर्वांत उपयोगी पडला तो परक्या संस्कृतीत शिकाऊ म्हणून कसे राहावे, हा भाग. आपण जेथे जात आहोत तेथे प्रभू आपल्या आधीच पोहोचलेला आहे, तेथे विश्वासणारे आहेत, त्यांचे पुढारी आहेत, आणि आपण त्यांच्या हाताखाली काम करायला जात आहोत, हे आमच्या शिक्षकांनी आमच्या मनावर पुन्हा पुन्हा ठसवले. देशाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्या थोड्या विश्वासणाऱ्यांची सुरक्षितता आमच्या लिहिण्याच्या हौसेपेक्षा मोलाची आहे. मी तेथे परिचारिका म्हणून रुजू होत आहे, आणि ते काम म्हणजे व्हिसापुरते घेतलेले सोंग नाही. पौल, प्रिस्किल्ला व अक्विला हे करिंथात राहुट्या शिवत होते, तेव्हा त्यांच्या राहुट्या पाऊस अडवणाऱ्याच असणार. रुग्णाची सेवा मी अर्ध्या मनाने केली, तर माझ्या साक्षीला काही किंमत राहणार नाही.

प्रिस्किल्ला व अक्विला यांच्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिल्यावाचून मला राहवत नाही. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोम सोडण्याची आज्ञा केल्यामुळे हे जोडपे करिंथास आले, तेथून पौलाबरोबर इफिसास गेले, आणि अपुल्लोसासारख्या वक्तृत्वसंपन्न माणसाला घरी घेऊन त्यांनी देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. नव्या करारात त्यांचा उल्लेख सहा ठिकाणी येतो आणि एकाही ठिकाणी त्यांपैकी एकाचेच नाव येत नाही. प्रत्येक वेळी दोघे बरोबर आहेत. आमच्या प्रार्थनेच्या वहीच्या पहिल्या पानावर मी ही दोन नावे लिहून ठेवली आहेत.

पैशाविषयी बोलणे आम्हांला जड गेले. आमच्या संस्थेत पगार नसतो. मंडळ्या आणि व्यक्ती यांनी दरमहा देण्याचे वचन दिलेली रक्कम ठरावीक आकड्यापर्यंत पोहोचली की मगच निघता येते. १८६५ साली चायना इनलँड मिशन स्थापन करणारे हडसन टेलर कोणापाशीही पैसे न मागता केवळ प्रार्थनेवर विसंबून राहत. माझ्या पतींचा ओढा त्या पद्धतीकडे होता. परंतु आमच्या संस्थेची पद्धत मोकळेपणाने गरज सांगण्याची आहे, आणि तिला आधार फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा आहे. तेथे पौल त्या मंडळीने पाठवलेल्या मदतीचा कृतज्ञतेने उल्लेख करतो आणि आपला भर देणगीवर नसून देणाऱ्यांच्या हिशेबी जमा होणाऱ्या फळावर आहे, असे सांगतो. आम्ही चौदा महिने मंडळ्यांतून फिरलो. मोठ्या रकमा थोड्या मिळाल्या, लहान रकमा पुष्कळ मिळाल्या, आणि जे लहान रक्कम देतात तेच आमच्या प्रार्थनापत्राला न चुकता उत्तर लिहितात, असा आमचा अनुभव आहे.

या सगळ्यात कठीण होते ते घर. माझे वडील दर रविवारी चर्चमध्ये परदेशी गेलेल्या सेवकांसाठी नावानिशी प्रार्थना करणारे आहेत. लहानपणी ती नावे मी त्यांच्याच तोंडून ऐकली. पण त्या नावांत स्वतःच्या मुलीचे आणि नातीचे नाव येणार, हे कळल्यावर ते माझ्याशी कित्येक आठवडे बोलले नाहीत. सासूबाईंनी एकदाच विचारले, "तुम्ही परत याल तेव्हा मी असेन का गं?" आणि मी त्यांना खोटा दिलासा देऊ शकले नाही. अमेरिकेतील तरुण सेवक अडोनायराम जडसन यांनी अ‍ॅन हॅसेल्टाइन यांच्याशी लग्न करण्यासाठी तिच्या वडिलांना जे पत्र लिहिले, त्यात तिला या जगात पुन्हा कधी न पाहण्याची तुमची तयारी आहे का, असे त्यांनी उघड विचारले होते. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपवला. त्यांचे लग्न ५ फेब्रुवारी १८१२ रोजी झाले आणि त्याच महिन्यात त्यांनी जहाज पकडले. त्यांच्याच तुकडीतील हॅरिएट न्यूवेल ही नवपरिणीत मुलगी त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉरिशसला वारली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती; आणि त्याच तुकडीतील गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस येऊन पोहोचले. आज माझ्या वडिलांच्या हाती जी सुवार्ता आहे तिच्या वाटेवर कोणा तरी आईवडिलांनी आपली मुले अशीच पाठवलेली आहेत. हे मला वडिलांना सांगायचे होते, पण माझी हिंमत झाली नाही.

तेथे पहिली दोन वर्षे आम्हांला फक्त भाषा शिकायची आहे. माझ्या पतींना हा काळ मोठा वाटतो. मी त्यांना आठवण करून देते की जडसन दांपत्य १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोहोचले आणि पहिल्या ब्रह्मी माणसाचा बाप्तिस्मा १८१९ मध्ये झाला, म्हणजे मधली सहा वर्षे मुख्यतः भाषेची होती. आमचे प्राथमिक धडे इथेच सुरू झाले असून माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे उच्चार आम्हां दोघांपेक्षा कितीतरी चांगले आहेत. पण पुढे कधी तिला आमची दुभाषी होऊ द्यायचे नाही, असे मी मनाशी ठरवले आहे.

मागच्या रविवारी मंडळीने आमच्यावर हात ठेवून आमचे समर्पण केले. पाळकसाहेब आणि मंडळीतील ज्येष्ठ पुढारी पुढे आले, आणि मान खाली घातलेली असताना माझ्या डोक्यावर जो हात टेकला तो माझ्या वडिलांचा आहे, हे मी न पाहता ओळखले. ते काही बोलले नाहीत. मात्र परवा रात्री त्यांचा फोन आला. आमच्या भाषेच्या पुस्तकातून प्रभूच्या प्रार्थनेची पहिली ओळ त्यांनी देवनागरीत उतरवून घेतली होती, आणि "आमच्या स्वर्गातील पित्या" हे शब्द त्या भाषेत कसे म्हणायचे, ते त्यांना माझ्याकडून ऐकायचे होते. मी तीनदा म्हणून दाखवले. त्यांना मधला एक उच्चार जमत नव्हता, म्हणून त्यांनी मला चौथ्यांदा म्हणायला सांगितले.